पॉइंट गार्ड गेली आणि टीम हरायला लागली: तिची जागा भरायची की तिची कामं वाटायची

प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. मुलींच्या एका बास्केटबॉल टीमची पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल वर आणून खेळ चालवणारी, तीच कॅप्टन पण, अर्धा सीझन झालेला असताना गुडघा घेऊन बसली, एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतला मुख्य लिगामेंट, गेलंय, ऑपरेशन होणार, म्हणजे तिच्यासाठी हा सीझन संपला. त्यानंतरची पहिली मॅच टीमने जिंकली, तीही दणकून, आणि मग सलग चार हरल्या. बॅकअप गार्डला तिच्या जागी घातलंय पण तिला झेपत नाहीये, सीनिअर मुली चिडचिड करतायत, आणि कोच विचारतायत की नवीन गार्ड शोधू, सिस्टीम बदलू की थोडं थांबून बघू. मी वीसेक वर्षं कोचिंग करतोय, त्यात मुलींच्या टीम जास्त, आणि हा प्रसंग माझ्यावर तीनदा आलाय. पहिल्यांदा मी तो पूर्ण चुकीचा हाताळला होता, म्हणून जरा लांबलचक लिहितोय, वेळ काढून वाचा.

तुम्ही जाता जाता जे लिहिलंय ना, की पहिली मॅच जिंकलो, ते माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं आहे. हे खूप वेळा होतं. १९७० च्या एनबीए, म्हणजे अमेरिकेतल्या प्रो लीगच्या, सात मॅचपर्यंत चालणाऱ्या फायनलमध्ये न्यूयॉर्क निक्सचा सेंटर (रिंगजवळ खेळणारा उंच प्लेअर) विलिस रीड पाचव्या मॅचमध्ये मांडीला लागून बाहेर गेला, ती मॅच निक्सनी त्याच्याशिवाय मागून येऊन काढली, आणि सहाव्या मॅचला समोरच्या लेकर्सच्या विल्ट चेंबरलेनने ४५ पॉइंट्स मारून त्यांना १३५-११३ असं धुतलं. मे २०२५ मध्ये बोस्टन सेल्टिक्सचा जेसन टेटम त्या रात्री ४२ पॉइंट्स मारलेले असताना टाचेमागचा अकिलिस टेंडन फाटून पडला, पुढची मॅच बोस्टनने १२७-१०२ जिंकली, डेरिक व्हाइटने ३४ मारले, आणि त्याच्या पुढच्याच मॅचला त्याच न्यूयॉर्कने त्यांना ११९-८१ असं घरी पाठवलं. म्हणजे पंचावन्न वर्षांच्या अंतराने तेच.

कारण साधं आहे. पहिल्या मॅचला समोरच्या टीमने तयारी केलेली असते ती तुमच्या जुन्या टीमसाठी, तुमच्या कॅप्टनला थांबवायचं कसं यावर त्यांचा आठवडा गेलेला असतो आणि ती तर कोर्टवरच नाही. तुमच्या मुली पेटलेल्या असतात, कुणाचं काय काम हे ठरलेलं नसल्यामुळे सगळ्याच सगळं करतात, बॉल फिरतो, शॉट पडतात. दुसऱ्या तिसऱ्या मॅचपर्यंत समोरच्यांच्या हातात व्हिडिओ असतो. मग बॅकअपला फुल कोर्ट प्रेस लावायचा, म्हणजे अख्ख्या कोर्टवर अंगावर जायचं, जिचा बाहेरून शॉट पडत नाही तिला मोकळं सोडून आत गर्दी करायची, दोनच गोष्टी, आणि तुमचा खेळ बंद. तेव्हा पहिल्या विजयावरून जमतंय असं धरू नका आणि चार हरल्यावर मुली मनाने खचल्या असंही लगेच धरू नका. माझा अंदाज, त्या चार मॅच मनाने कमी आणि प्रेसने जास्त हरलेल्या असणार, व्हिडिओ काढून बघा, आघाडी कधी गेली ते शोधा, बहुतेक दोन-तीन मिनिटांचे एक-दोन तुकडे सापडतील ज्यात सलग टर्नओव्हर झालेत, म्हणजे शॉट न घेताच बॉल गेलाय.

माझ्यावर पहिल्यांदा आलं तेव्हाचं सांगतो. आमची गार्ड बॉल चोरून एकटीच सुटली होती, लेअप (रिंगजवळ जाऊन उडी मारून टाकायचा शॉट) मारून खाली आली, जवळपास कुणीही नव्हतं, आणि गुडघा आत वळला. एसीएल बऱ्याचदा असंच जातं, धक्का न लागता, उडीवरून खाली येताना नाहीतर झटकन वळताना. पुढच्या मॅचपासून मी बॅकअपला उभं केलं आणि तिला सांगितलं, तू फक्त तिच्यासारखं खेळ, बाकी काही विचार करू नकोस. यापेक्षा वाईट सूचना मी आजवर कुणाला दिली नसेल. ती मुलगी चांगली होती, बचावात तर आमच्या मेन गार्डपेक्षा कणभर सरसच, पण प्रत्येक पासनंतर ती बेंचकडे बघायची, माझ्या तोंडाकडे, बरोबर होता का म्हणून. दोन टर्नओव्हर झाले की मी तिला बाहेर घ्यायचो, समजावायचो, परत आत पाठवायचो. तिसऱ्या मॅचला मी एक गोष्ट बघितली ती अजून डोळ्यासमोर आहे. आमच्या सेंटरने रिबाउंड (चुकलेल्या शॉटचा बॉल) घेतला, वळली, बॉल द्यायला गार्डला शोधायला लागली, आणि आमची गार्ड धावत जाऊन पार पलीकडच्या कॉर्नरमध्ये उभी. बॉल आपल्याकडे येऊच नये अशा जागी. सेंटर बॉल डोक्यावर धरून उभी, दोघी तिच्या अंगावर, पाच सेकंद तिथेच संपले, शिट्टी.

त्या रात्री मी एक कागद घेऊन बसलो आणि आमची गार्ड मॅचमध्ये नेमकी काय काय कामं करायची ते एकेक लिहायला लागलो. पॉइंट्स आणि असिस्ट (ज्यावर बास्केट होते तो पास) सोडून, ते तर स्कोअरशीटवर असतातच. प्रेस आला की बॉल वर कोण आणतं. रिबाउंडनंतर पहिला पास कोण घेतं. सेट, म्हणजे ठरवलेली चाल, कोण पुकारतं. शॉट क्लॉकवर, म्हणजे शॉट घ्यायची वेळ मोजणाऱ्या घड्याळावर, पाच सेकंद राहिले की बॉल कुणाकडे जातो. शेवटच्या मिनिटात फ्री थ्रो लाइनवर कुणाला पाठवायचं. समोरच्या सगळ्यात चांगल्या गार्डला कोण धरतं. बचावात मागून स्क्रीन येतोय, म्हणजे वाट अडवायला कुणी येतंय, हे ओरडून कोण सांगतं. रेफरीशी शांतपणे कोण बोलतं. सेंटरला दुसरा फाउल लागला की तिच्याजवळ जाऊन तिला कोण सावरतं. फ्री थ्रोच्या वेळी पाचही जणींना गोळा कोण करतं. कागद दोन्ही बाजूंनी भरला. आणि मी ते सगळं एका अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर एका वाक्यात ठेवलं होतं, तिच्यासारखं खेळ.

तेव्हा माझं उत्तर एका ओळीत मागत असाल तर तिची जागा भरायच्या मागे लागू नका, तिची कामं वाटा. नवीन गार्ड शोधून सुद्धा हेच करावं लागेल, कारण ती आल्यावर तिला तुमच्या मुली कुठे कट मारतात (बॉल नसताना झटकन पळतात), कुणाला पास छातीवर लागतो आणि कुणाला बाउन्स लागतो हे कळायलाच सीझन संपेल.

वाटायचं म्हणजे कसं, तर प्रेसचं उदाहरण घेऊ कारण तुमचं रक्त तिथेच जातंय. तुमची कॅप्टन प्रेस एकटीने ड्रिबल करून तोडत असणार, बहुतेक चांगल्या गार्ड तसंच करतात, त्यामुळे बाकीच्या चौघींना प्रेस तोडायची सवयच लागत नाही, त्या पुढे पळून जाऊन वाट बघतात. आता एकटीने तोडणारी कुणी नाही, तर पासने तोडायचा. आमच्याकडे मी सेंटरला मधल्या रेषेजवळ, कोर्टच्या बरोबर मध्ये बॉल घ्यायला परत बोलवायला लागलो, कारण ती उंच होती आणि तिच्याकडे डोक्यावरून पास देता यायचा. इनबाउंड करणारी, म्हणजे रेषेबाहेरून बॉल आत देणारी मुलगी पास देऊन तिथेच थांबायची, मागे, सुटका म्हणून. दोन विंग प्लेअर कडेने. म्हणजे बॉल हातात असणारीला कायम तीन जागा दिसल्या पाहिजेत, मागे एक, मध्ये एक, कडेला एक. पहिल्या आठवड्यात सेंटरला ते अजिबात आवडलं नाही, सर मी काय गार्ड आहे का म्हणाली. आणि खरंच तिच्या हातून सुरुवातीला बॉल सुटायचा. पण तीन आठवड्यांत प्रेस लावणाऱ्या टीमवर आमचे सोपे लेअप पडायला लागले, कारण मधल्या रेषेवर उंच मुलीकडे बॉल गेला की पुढे तीन विरुद्ध दोन होतं.

प्रॅक्टिसमध्ये हे बसवायला दोन गोष्टी पुरतात. एक, पाच जणींच्या प्रेसविरुद्ध चौघींना बॉल वर आणायला लावा, मी मोठ्याने आठ मोजायचो, कारण तेवढ्या सेकंदांत बॉल मधल्या रेषेपार न्यावा लागतो, आणि पहिले काही दिवस त्यांना आलंच नाही तरी चालेल. दुसरी, ड्रिबल बंद स्क्रिमेज, म्हणजे आपापसातली सराव मॅच. पाच पाच जणी, अर्ध्या कोर्टवर, कुणीही बॉल जमिनीवर टाकायचा नाही. दहा मिनिटं केलं तरी कळतं की कोण कट मारत नाहीये, कोण हात गुडघ्यावर ठेवून उभी आहे. आणि हे बघून तुम्हाला धक्का बसेल, मला बसला होता, की मेन प्लेअर असताना बाकीच्या किती गोष्टी करायच्या सोडून देतात. आमची एक विंग टीममध्ये आली तेव्हा दोन्ही हातांनी ड्राइव्ह करायची, दोन वर्षांत ती फक्त कॉर्नरमध्ये उभी राहून पासची वाट बघणारी झाली होती, कारण पास यायचाच, अगदी हातात. तिला मी तसं शिकवलं नव्हतं, पण मी ते होऊ दिलं. गार्ड गेली म्हणून टीमचं जेवढं गेलं असं वाटतं त्यातलं बरंचसं बाकीच्यांच्या अंगात पडून असतं, ते बाहेर काढायला सवय मोडावी लागते आणि सवय मोडायला मॅच हराव्या लागतात, एक-दोन नाही, जास्तच.

हे मोठ्या लेव्हलला पण तसंच दिसतं. २००८ मध्ये ह्यूस्टन रॉकेट्सच्या सलग १२ मॅच जिंकून झाल्या होत्या आणि याओ मिंगच्या पायात स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं, सीझन संपला. मॅचमागे २२ पॉइंट्सचा सेंटर. त्यांनी दिकेम्बे मुटोम्बोला उभं केलं, वय ४१. मुटोम्बोकडून कुणी २२ पॉइंट्सची अपेक्षा केली नाही, त्याला फक्त रिंगजवळचा बचाव आणि रिबाउंड दिला, म्हणजे याओच्या कामांपैकी जे त्याला येत होतं तेवढंच. पॉइंट्स बाकीच्यांनी आपापसांत उचलले. आणखी १० मॅच जिंकले, एकूण २२ सलग. प्लेऑफच्या, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्यांच्या, पहिल्याच राउंडला हरले हेही सांगायला पाहिजे, कारण याओ शेवटी याओ होता आणि काही कामं वाटून सुद्धा पूर्ण होत नाहीत.

आणि ज्या मॅचचं उदाहरण सगळे देतात ती, १९८० च्या फायनलची सहावी. लेकर्सचा सेंटर करीम अब्दुल-जब्बार, त्याचा घोटा मुरगळलेला, तो प्रवासालाच आला नाही, आणि २० वर्षांचा मॅजिक जॉन्सन, पॉइंट गार्ड, सेंटर म्हणून मॅच सुरू करणाऱ्या जंप बॉलला उभा राहिला आणि ४२ पॉइंट्स, १५ रिबाउंड, ७ असिस्ट. गोष्ट खरी आहे, मला अजून अंगावर काटा येतो. पण त्याच मॅचला जमाल विल्क्सने ३७ मारले होते हे कुणी सांगत नाही, आणि ती एकच मॅच होती. एका मॅचसाठी गार्डला सेंटर करता येतो. तुमचा अर्धा सीझन राहिलाय.

आता तुम्ही लिहिलंय की सीनिअर मुली चिडचिड करतायत. इकडे जास्त लक्ष द्या, माझ्या अनुभवात टीम बॅकअपमुळे कमी आणि नंबर दोनमुळे जास्त फुटते. मेन प्लेअर असेपर्यंत नंबर दोन जी असते ती शांत असते, तिला तिची जागा माहीत असते. मेन गेली की तिला वाटतं आता माझी पाळी, आणि ते वाटणं चुकीचं नाहीये, वर्षानुवर्षं स्क्रीन लावून दिलेत तिने. मायकल जॉर्डन ऑक्टोबर १९९३ मध्ये रिटायर झाला तेव्हा शिकागो बुल्सचं काय होणार असं सगळ्यांना वाटत होतं. आधीच्या सीझनला ५७ जिंकले होते, त्याच्याशिवाय ५५ जिंकले. मॅचमागे ३२ पॉइंट्स काढणारा माणूस गेला आणि फरक दोन मॅचचा, कारण कोच फिल जॅक्सनचा ट्रँगल ऑफेन्स असाच होता की बॉल कुणाकडूनही सुरू होऊ शकायचा, आणि स्कॉटी पिपेन, होरेस ग्रँट, बी. जे. आर्मस्ट्राँग तिघंही त्या वर्षी ऑल-स्टार झाले. पण प्लेऑफमध्ये निक्सविरुद्ध तिसऱ्या मॅचला स्कोअर बरोबरीत, १.८ सेकंद राहिलेले, जॅक्सनने शेवटचा शॉट टोनी कुकोचसाठी काढला आणि पिपेन, जो अख्खा सीझन टीम ओढत आला होता, तो कोर्टवर उतरायलाच तयार झाला नाही. कुकोचने शॉट टाकला, मॅच जिंकली. तरी ड्रेसिंग रूममध्ये बिल कार्टराइट, टीममधला सगळ्यात अनुभवी माणूस, रडत रडत बोलला होता. पुढे ती सिरीज बुल्स सात मॅचमध्ये हरले.

मी पिपेनला दोष देत नाही. माझ्या मते चूक अशी की शेवटचा शॉट कुणाचा हे १.८ सेकंद राहिलेले असताना ठरू नये. हे प्रॅक्टिसमध्ये, सगळ्यांसमोर, कारण सांगून ठरवायचं असतं. आम्ही असं केलं की शॉट क्लॉक संपत आला की कोणता सेट ते आधीच ठरवून टाकलं, उजवीकडे पिक अँड रोल (एकीने स्क्रीन लावून लगेच रिंगकडे वळायचं), बॉल विंगकडे, स्क्रीन सेंटरचा, कॉर्नरमध्ये शूटर, आणि समोरची दुसरी मुलगी हेल्पला आली की कुणाला पास हेही. म्हणजे शॉट कुणाचा हे समोरचा बचाव ठरवणार, आम्ही किंवा कुणाचा मान नाही. आणि नंबर दोनशी मी वेगळा बसलो, बाकी कुणी नाही. तिला विचारलं की तुला काय पाहिजे. मला वाटलं शॉट मागेल. ती म्हणाली सर, मला सेट पुकारू द्या, मला आतून सगळं दिसतं. ती फॉरवर्ड होती, फॉरवर्ड सेट पुकारते हे मी कधी केलं नव्हतं. दिलं, आणि तिचं चिडणं आठवड्यात थांबलं. तुमच्या सीनिअर मुलींना एकदा विचारून तर बघा, त्यांना काय हवंय ते आपण गृहीत धरतो त्यापेक्षा बऱ्याचदा वेगळं असतं.

खेळाच्या वेगाबद्दल. तुम्हाला बरेच जण सांगतील की आता कमजोर झालात तर गेम स्लो करा, पझेशन, म्हणजे बॉल हातात येण्याच्या पाळ्या, कमी झाली की कमी चांगली टीम पण जिंकू शकते. गणित म्हणून ते बरोबर आहे. पण ज्यांची गार्ड गेलीय त्यांनी स्लो खेळलं की काय होतं, प्रत्येक पझेशन शॉट क्लॉकच्या शेवटच्या सात-आठ सेकंदांत जाऊन अडकतं, आणि तिथेच तर एकटीने बचाव फोडून शॉट काढणारी प्लेअर लागते जी तुमच्याकडे आता नाहीये. म्हणून मी उलटं करायचो. रिबाउंड मिळाला की जिच्या हातात बॉल आहे तिने वर न्यायचा, गार्डला शोधत बसायचं नाही, आणि पहिल्या दहा सेकंदांत मोकळा शॉट असेल तर घ्यायचा, चुकला तर मी काही बोलणार नाही. हे शेवटचं वाक्य पाळणं फार अवघड जातं, मी जीभ चावून बसायचो. सेट बसला तर हाय पोस्टला, म्हणजे फ्री थ्रो लाइनजवळ, बॉल गेल्याशिवाय कुणी शॉट घ्यायचा नाही, कारण बॉल तिथे गेला की बचावाला दोन्हीकडे बघावं लागतं आणि गार्डने जे ड्रिबलने करायचं ते काम पासने होतं.

मिनिटांचा हिशोब पण करा. ४० मिनिटांची मॅच, पाच जणी, म्हणजे टीमची एकूण २०० मिनिटं. तुमची कॅप्टन समजा ३४ खेळत होती, तर ३४ मिनिटं वाटायची आहेत. कोच बहुतेक ती दोन-तीन चांगल्या मुलींवर टाकतात, त्यामुळे त्यांची २८ ची ३७ होतात, चौथ्या क्वार्टरला पाय उचलत नाही, दमलेली प्लेअर हाताने बचाव करते आणि पाचवा फाउल लागून बाहेर जाते, नाहीतर स्वतःच दुखावते. दुखावण्याची भीती मला जास्त वाटते. नऊ-दहा जणींना खेळवा, ज्या आजवर दोन मिनिटं खेळायच्या त्यांना पहिल्या हाफमध्ये सलग पाच-सहा मिनिटं द्या, मॅच हातात असताना. आणि टाइमआउट जपून वापरा, फीबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या, नियमाने पहिल्या हाफला दोन आणि दुसऱ्याला तीनच मिळतात, आधी कॅप्टन कोर्टवरच सगळ्यांना शांत करायची ते काम आता तुमच्या टाइमआउटना करावं लागणार आहे.

मनाचं बोलतो आता. दुखापत झाल्यानंतरच्या पहिल्या प्रॅक्टिसला मुलींच्या पायांकडे बघा. आमच्या मुली लेअप मारून खाली येताना अडखळायला लागल्या होत्या, दोन्ही पाय घट्ट, रिबाउंडला कुणी पूर्ण उडी मारेना, आणि तोंडाने कुणी काही बोलत नव्हतं. मुलींमध्ये ही दुखापत मुलांपेक्षा बरीच जास्त होते हे त्यांना पण माहीत असतं, त्यांनी फोनवर वाचलेलं असतं. ते दाबून ठेवू नका. एकदा सगळ्यांना बसवून बोला, अर्धा तास, कुणाला भीती वाटतेय का असं सरळ विचारा, आणि त्याच दिवशीपासून वॉर्मअपमध्ये उडीवरून नीट खाली येण्याचं काम घाला, गुडघे वाकवून, गुडघा आत न वळू देता, एका पायावर तोल, थांबून दिशा बदलणं. याने एसीएलचा धोका खरोखर कमी होतो, आणि मुलींना वाटतं की आपण काहीतरी करतोय, नुसतं नशिबावर सोडलेलं नाही.

एक मात्र करू नका, तिच्यासाठी जिंकूया हे. मी केलं होतं, जर्सीवर तिचा नंबर वगैरे. पहिल्या मॅचला मुली जीव तोडून खेळल्या. तिसऱ्या मॅचला हरल्यावर आमची सगळ्यात लहान मुलगी ड्रेसिंग रूममध्ये रडायला लागली की आपण दीदीला हरवलं. आणि दीदी कुबड्या घेऊन तिथेच उभी होती, तिला काय वाटलं असेल. हरणं आधीच जड असतं, त्यात हे ओझं कशाला. त्या दिवशी मी नंबर काढायला लावले.

दीदीचं म्हणजे तुमच्या कॅप्टनचं स्वतःचं काय. ती पहिले काही दिवस प्रॅक्टिसला येईल, बेंचच्या टोकाला बसेल, मग एक दिवस येणार नाही, मग दोन दिवस. तिला खरं काम द्या, दाखवायला दिलेलं नाही. आमच्या गार्डला मी एकच काम दिलं होतं, समोरची टीम आमच्या पिक अँड रोलला बचाव कसा करतेय ते बघायचं आणि टाइमआउटला बॅकअपला एक गोष्ट सांगायची, एकच, दोन नाही. कारण ती सहा सांगायची आणि त्या बिचारीच्या डोक्यात गोंधळ व्हायचा. काही दिवस तिला मॅच बघवत नसेल, तेव्हा जाऊ द्या, विचारू नका. आणि कधी परत येतेस हा प्रश्न कुणीच विचारायचा नाही, मी धरून. एसीएलच्या ऑपरेशननंतर नऊ महिने तरी धरा, बऱ्याच जणींना वर्ष लागतं, आणि नऊ महिन्यांच्या आत परत उतरणाऱ्यांना पुन्हा दुखापत व्हायचा धोका बराच जास्त असतो. लोकांना विलिस रीड आठवतो, सातव्या मॅचला लंगडत आला, पहिले दोन शॉट टाकले, निक्स चॅम्पियन. त्याने त्या दिवशी एकूण ४ पॉइंट्स केले होते, वॉल्ट फ्रेझियरने ३६ पॉइंट्स आणि १९ असिस्ट केले. आणि २०१९ ला केव्हिन ड्युरंट पोटरीच्या दुखापतीतून महिन्याभराने फायनलच्या पाचव्या मॅचला परत उतरला, १२ मिनिटांत ११ पॉइंट्स, आणि अकिलिस फाटलं, पुढचा अख्खा सीझन गेला. तेव्हा तुमच्या फायनलसाठी वगैरे तिला घाई करायला लावणारं कुणी भेटलं तर त्याला दारातूनच परत पाठवा, तिचे घरचे असले तरी.

पुढचे तीन आठवडे जिंकलो-हरलो हे मोजू नका असं मी म्हणणार नाही, ते मोजलं जातंच. पण त्याच्या शेजारी आणखी तीन आकडे लिहा. प्रत्येक क्वार्टरचे टर्नओव्हर. शॉट क्लॉकच्या शेवटच्या पाच सेकंदांत किती शॉट घ्यावे लागले. आणि मॅचमध्ये किती वेगवेगळ्या मुलींचा असिस्ट झाला. आधी तुमचे बहुतेक असिस्ट एकीचेच असणार, ते पाच-सहा जणींचे व्हायला लागले की टीम वळतेय समजा, स्कोअर काहीही असू दे. २०१७ ला सेल्टिक्सचा गॉर्डन हेवर्ड सीझनच्या पहिल्याच मॅचला सहा मिनिटं व्हायच्या आत घोटा मोडून गेला, पहिल्या दोन्ही मॅच ते हरले, आणि मग सलग १६ जिंकले. तुमच्याकडे असं होईलच असं नाही, आमच्याकडे नव्हतं झालं, आम्ही त्या सीझनला मधेच कुठेतरी राहिलो. आणि ज्या टीमचा प्रत्येक सेट एकाच माणसापासून सुरू होतो तिथे काय होऊ शकतं तेही माहीत असू दे, लेब्रॉन जेम्स २०१० ला क्लीव्हलँड सोडून गेला तेव्हा ६१ जिंकणारी टीम पुढच्या वर्षी १९ वर आली, त्यात सलग २६ पराभव.

आमच्या बॅकअपचं राहिलं. मी तिच्याशी बोललो, सांगितलं की तिच्यासारखं खेळ हे मी चुकीचं बोललो होतो, तुझी कामं दोनच, समोरची गार्ड धरायची आणि पहिला पास लवकर द्यायचा, आणि चार मिनिटांच्या आत मी तुला काही झालं तरी बाहेर घेणार नाही. घड्याळ लावून पाळलं. चौथ्या की पाचव्या मॅचला तिने पास सरळ समोरच्या मुलीच्या हातात दिला, लेअप गेला, आणि ती बेंचकडे न बघता इनबाउंडला हात वर करून उभी राहिली.

मेन गार्ड दहा महिन्यांनी परत आली. पहिल्या पूर्ण प्रॅक्टिसला मला वाटलं ती सवयीने बॉल मागेल. ती थोडा वेळ बघत राहिली, मग विंगवर जाऊन उभी राहिली आणि बॅकअपने बॉल वर आणला. मग मी पण तसंच ठेवलं, पहिला महिना दोघी एकत्र, मेन गार्डला दहा-बारा मिनिटं, ती पण बेंचवरून, प्रेस तोडायचं काम सेंटरकडेच आणि सेट पुकारायचं फॉरवर्डकडेच. तुमची परत येईल तेव्हा हे आधीच ठरवून ठेवा आणि तिला पण आत्ताच सांगा, कारण बेंचच्या टोकाला बसून ती रोज हाच विचार करत असेल की परत गेल्यावर आपल्याला जागा असेल का.